कलम चौदा आणि सात पातेली

आमच्या घरात सात पातेली अशी आहेत, की त्यांचा स्वयंपाकाशी काडीचाही संबंध नाही. जून उजाडला की ती माळ्यावरून खाली येतात आणि दसऱ्याचं सोनं वाटून झालं की परत माळ्यावर जातात. मधले चार महिने आपापल्या ठरलेल्या जागी बसून छपरातून येणारं पाणी झेलतात. आम्हा घरच्यांना त्यांच्या जागा अंधारातही चुकत नाहीत. पाहुण्यांना मात्र एकदोनदा पाय भिजवून घ्यावे लागतात.

वीस-बावीस वर्षं बँकेत कारकुनी केल्यामुळे या गळत्यांची मी खातेनिहाय विभागणी करून ठेवली आहे. स्वयंपाकघराच्या दारातली गळती म्हणजे चालू खातं. व्यवहार दिवसभर, मर्यादा नाही. खिडकीजवळचं बचत खातं. थेंबथेंब साठतं, पण संध्याकाळी बघावं तर तांब्याभर झालेलं असतं. कपाटामागची आवर्ती ठेव. ठरल्या वेळी ठरलेला हप्ता. देवघरावरची मुदत ठेव. एरवी ठणठणीत कोरडी, पण मुदत भरली की व्याजासकट एकदम अंगावर. उरलेली तीन ही बुडीत खाती. त्यांच्याबद्दल आम्ही बँकेतही चारचौघांत बोलत नाही.

घर म्हणजे पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या माडीवरच्या अडीच खोल्या. वर मंगळुरी कौलं, कौलांखाली रिपा, रिपांखाली वासे, वाशांखाली तक्तपोशी आणि तक्तपोशीखाली आम्ही. वडिलांनी ही जागा १९७१ साली आत्ताच्या मालकांच्या वडिलांकडून घेतली. करार तोंडी झाला. अटी दोनच होत्या : मांजर पाळायचं नाही आणि रात्री दहानंतर नळ सोडायचा नाही. दुरुस्ती कुणी करायची याचा उल्लेख नव्हता, कारण तेव्हा छप्पर गळत नव्हतं आणि दोन्ही बाजू सभ्य होत्या. भाड्याची पावती अजूनही वडिलांच्याच नावाने फाटते. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांचं भाडं कधी थकलेलं नाही.

भाडं किती, हे सांगायला मला फार आवडतं. आमच्या शाखेत वाकडहून येणारा एक तरुण अधिकारी आहे. त्याच्या फ्लॅटच्या हप्त्यात त्याचा अर्धा पगार जातो. त्याने एकदा विचारलं, ‘‘तुम्ही भाडं किती देता?’’

‘‘एकशे ऐंशी.’’

‘‘दिवसाला?’’

‘‘महिन्याला.’’

तो नंतर दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. या एकशे ऐंशी रुपयांचा मला इतका अभिमान, की मी तो पगाराच्या आकड्याआधी सांगत असे. सौ. मात्र म्हणायची, ‘‘एकशे ऐंशीत भिंती येतात. छप्पर त्यात धरलेलं नाही.’’ तिच्या या वाक्यात पुढे जे घडलं त्याचा सगळा सारांश होता. पण बायकोच्या वाक्यात सारांश शोधायची आपल्याला सवय नसते.

आता मालकांविषयी. ते खालच्या मजल्यावर, पुढच्या बाजूच्या खोल्यांत एकटेच राहतात. वाड्यात त्यांना सगळे ‘सर’ म्हणतात, कारण ते शाळेत चित्रकला शिकवायचे. मलाही शिकवायचे. आठवीत मी काढलेली बादली बघून ते म्हणाले होते, ‘‘हिच्यात पाणी राहणार नाही रे.’’ पुढे त्यांच्याच छपराखाली बादल्या मांडताना मला ते वाक्य वर्षानुवर्षं आठवत राहिलं.

सर वाईट मनुष्य नव्हेत. गळती सांगायला गेलं की कधी रागावले नाहीत, ‘नाही’ म्हणाले नाहीत. त्यांचा एकच शब्द : ‘‘बघू.’’ त्यातही ऋतुमान असे. जूनमध्ये, ‘‘पाऊस थांबू दे, बघू.’’ ऑक्टोबरात, ‘‘आता पाऊस थांबला, बघू.’’ मी रागावू शकत नव्हतो. खिडकीपलीकडच्या माणसाला ‘‘उद्या या, आज सिस्टिम बंद आहे’’ हे मी ज्या मऊ आवाजात सांगतो, त्याच आवाजात सर मला ‘बघू’ म्हणत. आमच्या दोघांचं घराणं एक होतं.

पण ते बघत नुसते बसत, असं मात्र म्हणता येणार नाही. दर दोनतीन वर्षांनी त्यांना दुरुस्तीचा झटका येई. एका वर्षी त्यांनी डांबर आणि गोणपाट लावलं. उन्हाळ्यात डांबर पातळ होऊन देवघरात उतरलं आणि आमचा बाळकृष्ण विठ्ठल झाला. पुढच्या खेपेला कौलांच्या फटीत सिमेंट भरलं. कौलांना श्वास घ्यायला जागा राहिली नाही म्हणून की काय, चार कौलं तडकली. नंतर पी. व्ही. सी. पाइप उभा चिरून त्याची पन्हळ तक्तपोशीखाली बसवली. तिच्यामुळे कपाटामागची गळती खिडकीकडे गेली. सरांच्या दुरुस्तीने गळती कधी थांबली नाही. तिची फक्त बदली झाली. आम्हा बँकवाल्यांना हा प्रकार परिचयाचा आहे. काम तेच, टेबल नवं.

२०२४ च्या मे महिन्यात पुण्यात लोकसभेचं मतदान झालं. निकालानंतर सरांनी कुठून तरी एका उमेदवाराचा मोठा फ्लेक्स मिळवला आणि आमच्या कौलांवर अंथरून चार बाजूंना विटा ठेवल्या. उमेदवार निवडून आला की पडला, हे मी सांगणार नाही. छपरावर तो हात जोडून, चेहऱ्यावर हसू ठेवून, आकाशाकडे बघत उताणा पडला होता. आमचं रक्षण करण्याचं वचन देणारा आणि खरोखरच आमच्या डोक्यावर बसलेला लोकप्रतिनिधी मी प्रथमच पाहिला.

जूनच्या पहिल्याच मोठ्या पावसात फ्लेक्सवर तळं साचलं. ते तळं एका बाजूला कललं आणि जिथे आजवर कधी थेंबही पडला नव्हता अशा जागी धार लागली. ती जागा म्हणजे आईचं अंथरूण.

आई त्या वेळी चौऱ्याहत्तर वर्षांची. तिला दम्याचा त्रास. रात्री अडीचला ती भिंतीला टेकून, पदर डोक्यावर घेऊन बसलेली दिसली. मला उठवलं नव्हतं. म्हणाली, ‘‘तुला सकाळी बँक आहे. आणि माझ्याजवळ पातेलं ठेवायला जागा नव्हती.’’

आठवं पातेलं आमच्या घरात नव्हतंच. त्या रात्री प्रथमच मला गळतीचा विनोद सुचला नाही.

दुसऱ्या दिवशी काउंटरवर शिरस्तेदार आले. हे कोर्टातून निवृत्त झालेले गृहस्थ दर महिन्याला पासबुक भरायला येतात आणि यंत्र बंद असल्यामुळे न भरता परत जातात. माझ्याकडे बघून म्हणाले, ‘‘डोळे का सुजलेत? क्लोजिंग तर कधीच झालं.’’

‘‘घर गळतंय.’’

‘‘मालकाला सांगितलंत?’’

‘‘पंधरा वर्षं सांगतोय.’’

‘‘लेखी?’’

मी गप्प.

‘‘अहो, बँकेत नोकरी करता आणि तोंडी सांगता? उद्या मी तोंडी सांगितलं की माझ्या खात्यात लाख रुपये आहेत, तर द्याल मोजून?’’

मग मागची रांग खोळंबून त्यांनी मला कायदा सांगितला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. अमलात आला ३१ मार्च २००० रोजी. तो आजवर माझ्या नजरेतून का सुटला, हे मला तिथेच कळलं. ३१ मार्चला बँकेच्या कारकुनाला स्वतःचं नाव आठवत नाही, कायदा कुठून दिसणार?

या कायद्याचं कलम १४. भाडेकरूने उलट करार केलेला नसेल, तर जागा राहण्याजोगी आणि सुस्थितीत ठेवणं हे मालकाचं कर्तव्य आहे. आमच्या करारात मांजर होतं, नळ होता, छप्पर नव्हतं. म्हणजे कर्तव्य मालकांचंच. मालकाने हयगय केली, तर भाडेकरूने किंवा भाडेकरूंनी मिळून त्याला किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यायची. तरीही वाजवी मुदतीत काम झालं नाही, तर भाडेकरूने स्वतः दुरुस्ती करून घ्यायची आणि खर्च भाड्यातून वळता करायचा.

‘‘आणि त्याने चिडून बाहेर काढलं तर?’’ मी विचारलं.

‘‘भाडं वेळेवर भरता ना? मग तक्रार केली म्हणून काढता येत नाही. कलम १५. पाणी, वीजही उगाच तोडता येत नाही. कलम २९.’’ आणि जाता जाता त्यांनी असं काही सांगितलं, की माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले. ‘‘खर्चाच्या पावत्या जपून ठेवा. भाडेकरूने व्हाउचरांसह ठेवलेला हिशेब हाच खर्चाचा निर्णायक पुरावा. मालकावर बंधनकारक!’’

माझ्या उभ्या आयुष्यात माझा हिशेब कुणी निर्णायक मानलेला नाही. बँकेत त्यावर ऑफिसर असतो, ऑफिसरवर ऑडिटर असतो आणि घरी सौ. असते. कायदेमंडळाने मात्र माझ्या व्हाउचरांवर इतका विश्वास टाकला होता. त्या दिवशी मी काउंटरवर तीन लोकांशी गोड बोललो.

रात्री कॅल्क्युलेटर घेऊन बसलो आणि शिरस्तेदारांनी घाईत सांगितलेलं शेवटचं वाक्य नीट वाचलं. वळती करायची रक्कम कोणत्याही एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या एकचतुर्थांशाहून जास्त असता कामा नये.

महिन्याचं भाडं १८०. वर्षाचं २,१६०. त्याचा चौथा हिस्सा ५४०.

पाचशे चाळीस रुपये! आमच्या पेठेत गवंड्याचा एक दिवसाचा रोज याहून जास्त आहे. म्हणजे कायद्याने मला वर्षाकाठी अर्ध्या गवंड्याचा हक्क दिला होता. तो सकाळी येईल, शिडी लावील, वर चढेल, आणि वर पोचला की माझा हक्क संपेल. खाली उतरण्याचे पैसे पुढच्या आर्थिक वर्षात.

मी हा हिशेब दोनदा केला. उत्तर तेच आलं. ज्या एकशे ऐंशीची मी मिशीला पीळ देऊन जाहिरात करत होतो, त्याच्याच मापाने माझा हक्क कापून दिलेला होता. कोटाला कापड द्यायचं हातरुमालाएवढं आणि शिंप्याशी भांडायचं, की बाही का नाही?

आईला मी सगळं समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘नोटीस दे. पण एक लक्षात ठेव. ‘गळतंय’ असं लिही. ‘पडेल’ असं लिहू नकोस.’’

हे मला वकिलानेही सांगितलं नसतं. जुन्या पेठेतल्या भाडेकरूचं सगळं शहाणपण या दोन शब्दांतल्या फरकात आहे. पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा लावते. ‘गळतंय’ म्हटलं तर फार तर गवंडी येतो. ‘पडेल’ म्हटलं तर पालिकेचा माणूस येतो, दारावर कागद चिकटवतो आणि आठ दिवसांत बिऱ्हाडं टेंपोत चढतात. गल्लीतल्या एका वाड्याचं तसंच झालं होतं. तक्रार कमी केली तर अंथरूण भिजतं, जास्त केली तर अंथरूणच जातं.

शिरस्तेदारांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, ‘‘घाबरू नका. २०१४ साली सुप्रीम कोर्टाने सांगून ठेवलंय, इमारत पडली म्हणून भाडेकरूचा हक्क पडत नाही. खटला आपल्या सांगलीकडचाच.’’

मी हे मोठ्या उत्साहाने आईला सांगितलं. ती म्हणाली, ‘‘हक्क राहील रे. पण चूल कुठे मांडायची?’’

सुप्रीम कोर्टात आईसारखी एखादी बाई असायला हवी होती, असं मला वाटलं.

नोटीस एकट्याने देण्यापेक्षा मिळून द्यावी म्हणून मी बाकीच्या दोन बिऱ्हाडांना आमच्या खोलीत बोलावलं. शेजारचे नाना एस. टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे आमच्याहून जास्त गळतं, पण ते कधी कबूल करत नाहीत. त्यांचं धोरण असं, की गळती मान्य केली की मालकाच्या डोळ्यांवर यायचं. मी म्हटलं, ‘‘नाना, तुमच्या पलंगावर छत्री उघडून बांधलेली आहे.’’ ते म्हणाले, ‘‘ती डासांसाठी.’’

खालच्या शिवणकामवाल्या मावशींकडे गळायचा प्रश्नच नव्हता. त्या नाही म्हणतील असं मी धरून चाललो होतो. मावशींनी पानाला चुना लावता लावता विचारलं, ‘‘छप्पर पडलं तर कुणावर पडेल?’’

‘‘आमच्यावर.’’

‘‘आणि तुम्ही कुणावर पडाल? माझ्यावर. आण तो कागद इकडे.’’

मावशींची सही झाल्यावर नानांचा पुरुषार्थ जागा झाला आणि छत्री डासांसाठी नाही, हेही त्यांनी सहीबरोबर मान्य केलं.

नोटीस मी बँकेच्या भाषेत लिहिली. ‘महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की...’ ज्यांच्यासमोर मी अर्ध्या चड्डीत बादली काढली होती, त्यांना ‘महोदय’ लिहिताना हात जड झाला. सात गळत्यांचा तक्ता जोडला, आठवी लाल शाईने. ‘गळत आहे’ हे शब्द एकूण अकरा वेळा आले. ‘पडेल’ एकदाही नाही. मग सिटी पोस्टात जाऊन रजिस्टर केलं. (तेव्हा रजिस्टर पोस्ट ही वेगळी चीज होती. २०२५ साली ती स्पीड पोस्टात विलीन झाली. बँकवाल्याला विलीनीकरणाचं नवल वाटत नाही.)

माझं पत्र माझ्याच वाड्यात परत आलं. पोस्टमन एकदा पाकिटाकडे, एकदा माझ्याकडे बघून म्हणाला, ‘‘साहेब, जिना उतरून दिलं असतंत तर!’’ त्याला काय सांगणार? पंधरा वर्षं मी जिना उतरूनच देत होतो.

तिसऱ्या दिवशी दाराच्या फटीतून पाकीट आत सरकलं. आत माझीच नोटीस. ‘दुरूस्ती’ या शब्दातल्या दीर्घ रूला लाल पेन्सिलीने गोल केलेला आणि समासात सुंदर अक्षरात ‘दुरुस्ती. रु ऱ्हस्व.’ पंधरा दिवसांच्या मुदतीत मालकांनी केलेली दुरुस्ती एवढीच.

मुदत संपली. कायदा आता आमच्या बाजूने उभा होता, पण खिशात वर्षाचे पाचशे चाळीस रुपये घेऊन उभा होता. तशात २५ जुलै आला. त्या दिवशी पुण्यात पावसाने काय केलं, हे पुणेकरांना सांगायला नको. खडकवासल्यातून पाणी सोडलं, सिंहगड रस्त्याकडच्या एकतानगरीत लोकांच्या घरांत पाणी शिरलं. आमच्याकडे पहाटे चारच्या सुमाराला फ्लेक्सच्या विटा घसरल्या, लोकप्रतिनिधी हात जोडलेल्या स्थितीतच मागच्या अंगणात उतरले आणि आमची सगळी खाती एकदम मुदतपूर्व बंद झाली. पातेल्यांचा काही उपयोग राहिला नाही. वरून मात्र एक नवाच आवाज आला. पाण्याचा नव्हे. लाकडाचा. एक लांब कण्हणं.

आम्ही सगळे एकमेकांकडे बघत उभे होतो. तेवढ्यात जिन्यावर बॅटरीचा उजेड दिसला. सर वर आले होते. अंगात बंडी, काखेत कागदाची गुंडाळी आणि एक वही.

‘‘आईंना खाली माझ्या खोलीत ने,’’ ते म्हणाले. ‘‘सुनेला आणि पोरांनाही. माझी खोली कोरडी आहे.’’ एवढं बोलून थांबले. ‘‘लाज वाटते, पण कोरडी आहे.’’

आईला सरांच्या पलंगावर झोपवून आम्ही दोघं जिन्याच्या पायरीवर बसलो. सरांनी गुंडाळी उलगडली. आमच्या छपराचा उभा छेद होता. आढं, तुळई, एकेक वासा, एकेक रीप, पेन्सिलीने इतकी नेटकी काढलेली, की चित्र लावायला भिंत शोधावी. त्यावर लाल टिंबं. प्रत्येक टिंबाशेजारी बारीक अक्षरात साल. पहिलं टिंब १९९१. माझ्या सातही पातेल्यांच्या जागा त्यावर होत्या. तुळईच्या भिंतीतल्या टोकाशी एक काळं वर्तुळ : ‘वाळवी. २००९.’

‘‘म्हणजे तुम्हाला माहीत होतं?’’

‘‘माहीत नसायला काय झालं? मालक आहे मी.’’

‘‘मग सांगितलं का नाही?’’

सर काही बोलले नाहीत. त्यांनी वही पुढे केली. डाव्या पानावर जमा. माझे १८०, नानांचे २००, मावशींचे १२०. महिन्याला ५००, वर्षाला ६,०००. उजव्या पानावर खर्च. घरपट्टी, गवंडी, कौलं, डांबर, पाइप. फ्लेक्सपुढे शून्य. खाली बाकी, ती प्रत्येक वर्षी वजा, आणि वजा भरून काढलेली एकाच ओळीने : ‘पेन्शनमधून.’

कुणाचीही बेरीज दिसली की ती तपासायची मला सवय आहे. पहाटे पाचला, बॅटरीच्या उजेडात मी त्या वहीची पानंच्या पानं तपासली. एखादी तरी चूक सापडावी असं फार वाटत होतं, म्हणजे भांडायला बरं पडलं असतं. एक पैशाची चूक नव्हती.

कायद्याप्रमाणे त्यांना दर वर्षी चार टक्के भाडं वाढवता येत होतं. माझ्या भाड्यावर महिना सात रुपये वीस पैसे. तेही त्यांनी नियमित मागितलं नव्हतं. मी मागे एकदा विचारलं होतं, तर म्हणाले होते, ‘‘सात रुपयांसाठी जिना कोण चढणार?’’ मी ते आळसावर घातलं होतं.

तरीही मी त्यांना म्हटलं, ‘‘सर, फ्लेक्स ही दुरुस्ती नव्हे.’’

‘‘नव्हेच.’’

‘‘आणि २००९ साली ‘पैसे नाहीत’ एवढं म्हणाला असतात, तर तुळईचं नुसतं टोक बदलून भागलं असतं.’’

‘‘भागलं असतं,’’ सर म्हणाले. मग थोड्या वेळाने, ‘‘भाडेकरूला कसं सांगायचं रे, की मालकाकडे पैसे नाहीत?’’

मला उत्तर सुचलं नाही. पंधरा वर्षं ते मला ‘बघू’ म्हणत होते आणि मी खाली जाऊन एकदाही विचारलं नव्हतं, की कशातून बघणार? एकशे ऐंशी रुपयांत मला घर परवडत होतं. ते कुणाला तरी परवडत नसणार, हे कॉमर्सच्या पदवीधराला तरी कळायला हवं होतं. नावे पडल्याशिवाय जमा होत नाही, हा आमच्या शास्त्राचा पहिला नियम.

ऑगस्टात पावसाने उघडीप दिली तेव्हा काम काढलं. त्याआधीचे दिवस तुळईला खालून लाकडी टेकू लावून काढले आणि आईचा मुक्काम सरांच्या खोलीतच ठेवला. तुळई काढून लोखंडी गर्डर घातला, कुजलेले वासे बदलले, कौलं नव्याने शाकारली. मिस्त्रीवर देखरेख सरांची, हातात तो छेद. मिस्त्री मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘‘असा नकाशा आम्हाला इंजिनिअर देत नाही.’’ सरांना फक्त स्वतःच्या हाताने काही करू द्यायचं नाही, एवढी खबरदारी आम्ही घेतली. एकूण खर्च ७५,००० रुपये. व्हाउचरं ४१. सगळी क्रमवार लावलेली, निर्णायक आणि बंधनकारक.

पैसे तिघा भाडेकरूंनी घातले. कायदा म्हणतो, मिळून दुरुस्ती केली तर खर्चाची वाटणी भाड्याच्या प्रमाणात. माझ्या वाट्याला २७,०००, नानांच्या ३०,०००, मावशींच्या १८,०००. मावशींनी त्यांचे दहा आणि वीसच्या नोटांत आणून दिले. मीच मोजले.

‘‘हे भाड्यातून वळते करून घ्या,’’ सर म्हणाले. ‘‘फुकट नको.’’

‘‘वर्षाला चौथ्या हिश्शाहून जास्त वळते करता येत नाहीत,’’ मी म्हटलं.

‘‘मग चौथा हिस्सा. पण लेखी.’’

इतक्या वर्षांच्या हप्त्यांची सोय कायद्यात नाही. ती आम्ही आपसांत, कागदावर, साक्षीदार म्हणून शिरस्तेदारांना घेऊन केली. या पैशांमुळे आमचा हक्क वाढणार नाही, त्यांचा कमी होणार नाही आणि पुढची गळती दिसल्यास मालकाने आठ दिवसांत वर येऊन ‘बघू’ सोडून दुसरं काहीतरी बोलावं, अशी तीन कलमं घातली. ‘दुरुस्ती’चा रु ऱ्हस्व काढला. चार टक्के मात्र आम्ही तिघंही आता न मागता देतो. त्यांचा हिशेब वेगळा.

तेव्हापासून दर महिन्याला सर आपल्या देखण्या अक्षरात पावती देतात : भाडे १८०, वजा दुरुस्ती ४५, मिळाले १३५. वर्षाला ५४०. नाव वडिलांचंच.

हा हिशेब कधी मिटणार, ते मी काढून ठेवलं आहे. सत्तावीस हजार भागिले पाचशे चाळीस, पन्नास वर्षं. नानांचंही पन्नास, मावशींचंही पन्नास. प्रमाणात वाटणी केल्यामुळे कायद्याने तिघांनाही अगदी समान न्याय दिला. शेवटचा हप्ता जुलै २०७४ मध्ये. तेव्हा मी शहाण्णव वर्षांचा असेन, नाना एकशे अठरा आणि सर एकशे अठ्ठावीस.

हा तक्ता मी सरांना आणि आईला मोठ्याने वाचून दाखवला. सर बराच वेळ तक्तपोशीकडे बघत राहिले. बाहेर पाऊस होता आणि खोलीत त्याचा आवाज नव्हता. आई नव्या कोरड्या जागी अंथरूण घालत होती. उशी थोपटत म्हणाली, ‘‘बरं झालं. म्हणजे तोवर कुणी मरायचं नाही.’’

सातही पातेली अजून माळ्यावर आहेत. सौ. एक पातेलं उपम्यासाठी मागत होती. मी म्हटलं, बघू.